लाल झाकणाला दोन शिखरं, निळं झाकण वाकडं: दाण्यात भेसळ आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका इंजेक्शन मोल्डिंग युनिटमध्ये एकाच ग्रेडचा पॉलिप्रॉपिलीन होमोपॉलिमर (साखळीत फक्त प्रॉपिलीनचेच घटक असलेला) चालतो, मोल्डही एकच. झाकणं तीन प्रकारची निघतात: बिनरंगी, लाल आणि निळी. रंग २ टक्के मास्टरबॅचने, म्हणजे रंगद्रव्य दाट भरलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांनी देतात. बिनरंगी झाकण नीट बसतं, निळं काठाला वाकतं. बाहेरच्या लॅबकडून डीएससी (नमुना ठरावीक वेगाने तापवत-थंड करत त्यात शिरणारी आणि त्यातून निघणारी उष्णता मोजणारी चाचणी) करून घेतल्यावर बिनरंगी झाकणाचा द्रवणांक १६३ अंश सेल्सिअस आणि स्फटिकीकरणाचं तापमान ११२ आलं. निळ्याचे आकडे १६४ आणि १२२. लाल झाकणाला मात्र १४९ आणि १६५ अशी वितळण्याची दोन शिखरं दिसली, स्फटिकीकरण १२० ला. डेटाशीटवर ‘मेल्टिंग पॉइंट १६३’ एवढंच छापलंय. विचारणाऱ्यांच्या शंका तीन: लाल मालात कुणी दुसरा दाणा मिसळला का, निळ्याचा द्रवणांक जवळपास तोच असतानाही तो का वाकतो, आणि तिन्ही झाकणं दोन दिवसांनी मोजली की आणखी लहान का भरतात.

पुरवठादाराला तक्रारीचं पत्र जाण्याआधी निष्कर्ष सांगून टाकतो. लालची दोन शिखरं बहुधा लाल रंगद्रव्यामुळे तयार झालेल्या वेगळ्या स्फटिकरूपाची आहेत, भेसळीची नव्हेत. निळ्याच्या वाकण्याचं कारण ११२ आणि १२२ या दोन आकड्यांमधल्या दहा अंशांत आहे. अशा अहवालात जो तो द्रवणांकाच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि थंड होतानाचा आकडा तसाच राहून जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. पॉलिमरचा द्रवणांक ही तो माल कसा गोठला याची नोंद असते. गोठण्याचा आलेख आधी वाचला की वितळण्याचा आलेख बराचसा आपोआप उलगडतो.

डीएससी यंत्र इंडियम धातूवर जुळवतात. इंडियम १५६.६ अंशांना वितळतो. हळू गोठवलेला असो की झटकन, आकडा बदलत नाही. पॉलिप्रॉपिलीनचं तसं नाही. एकाच पोत्यातले दोन दाणे वितळवा, एक बर्फाच्या पाण्यात टाकून गोठवा, दुसरा १४० अंशांवर तासन्‌तास ठेवून सावकाश गोठू द्या. दोघांचे वितळण्याचे आलेख वेगळे येतील, आणि दोन्ही खरे असतील.

याचं कारण साखळीच्या लांबीत आहे. समजा एका साखळीचा रेणुभार ३,००,००० आहे. प्रॉपिलीनच्या एका घटकाचा भार ४२, म्हणजे साखळीत सुमारे ७,१०० घटक. स्फटिकात ही साखळी सर्पिल आकार घेते. तीन घटकांचा एक वेढा आणि वेढ्याची उंची ०.६५ नॅनोमीटर. संपूर्ण साखळी अशी सरळ उभी राहिली तर तिची लांबी दीड हजार नॅनोमीटर भरेल. प्रत्यक्षात मोल्ड केलेल्या पॉलिप्रॉपिलीनमधल्या स्फटिकांच्या पापुद्र्यांची जाडी असते १० ते २० नॅनोमीटर. मग उरलेली साखळी जाते कुठे? ती साडीच्या निऱ्यांसारखी पुढे-मागे दुमडत जाते. पॉलिएथिलीनच्या बाबतीत हे १९५७ साली ब्रिस्टॉल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी दाखवलं. त्यांनी विरल द्रावणातून सुटे स्फटिक वाढवले, इलेक्ट्रॉन विवर्तनाने तपासले, तर साखळ्या पापुद्र्याच्या पृष्ठाला लंब निघाल्या. पापुद्रा साखळीच्या मानाने इतका पातळ असताना साखळी लंब असेल, तर ती दुमडलेली असण्यावाचून मार्गच नाही. वितळलेल्या मालातून गोठताना दुमडी इतक्या सुबक पडत नाहीत. काही साखळ्या शेजारच्या पापुद्र्यात शिरतात, काही दोन पापुद्र्यांच्या मध्ये सैल पडून राहतात. तो सैल भाग म्हणजे अस्फटिकी भाग. पॉलिप्रॉपिलीनचं झाकण पडल्यावर लगेच फुटत नाही, यात या सैल भागाचा आणि दोन पापुद्र्यांना जोडणाऱ्या साखळ्यांचा मोठा वाटा आहे.

दुमडीच्या पृष्ठाची ऊर्जा जास्त असते. पापुद्रा जितका पातळ, तितका त्यात पृष्ठाचा हिस्सा मोठा आणि तितका तो लवकर वितळतो. गिब्ज आणि थॉमसन यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे समीकरण पॉलिएथिलीनवर छान बसतं. अनंत जाडीच्या आदर्श पॉलिएथिलीन स्फटिकाचा द्रवणांक १४१ अंशांच्या आसपास, वितळण्याची उष्णता २९३ ज्यूल प्रति ग्रॅम, दुमडपृष्ठाची ऊर्जा चौरस मीटरला सुमारे ९० मिलिज्यूल धरा. मग १० नॅनोमीटरचा पापुद्रा ११६ अंशांजवळ वितळतो, २० चा १२९ जवळ आणि ३० चा १३३ जवळ. पॉलिप्रॉपिलीनच्या आदर्श द्रवणांकाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही, म्हणून मी उदाहरण पॉलिएथिलीनचं घेतलं. तत्त्व मात्र तेच. डीएससीवर दिसणारं रुंद, एका बाजूला कललेलं शिखर म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पापुद्र्यांची गर्दी. अहवालात छापलेला १६३ हा त्या गर्दीतला सर्वांत ठळक आकडा, एवढंच.

पापुद्र्याची जाडी ठरते तो गोठला त्या तापमानावरून. जितक्या वरच्या तापमानाला गोठेल, तितका पापुद्रा जाड. हा नियम लक्षात ठेवा, निळ्या झाकणाशी पुन्हा येणार आहे.

आता ११२ कडे वळू. १६३ ला वितळणारा माल थंड होताना ११२ पर्यंत द्रवच का राहतो? कारण स्फटिकाची सुरुवात व्हायला केंद्रक लागतं. द्रवणांकाच्या जरा खाली साखळ्यांचा छोटासा गठ्ठा जमला तरी तो टिकत नाही, पुन्हा विरतो. तापमान आणखी उतरलं की छोटे गठ्ठेही टिकू लागतात आणि वाढ सुरू होते. फार खाली उतरलं तर साखळ्यांची हालचालच मंदावते आणि वाढ पुन्हा रोडावते. त्यामुळे स्फटिकीकरणाचा वेग तापमानाबरोबर आधी चढतो, मग उतरतो. काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली अस्फटिकी भागातल्या साखळ्यांची हालचाल जवळपास थांबते ते) आणि द्रवणांक यांच्या मध्ये कुठेतरी त्याचा माथा असतो. पीईटीचं काच-संक्रमण ७५ ते ८० अंशांना आणि वितळणं २५० च्या आसपास. त्याचा वेग माथ्यावरही बेताचाच असतो, म्हणून पाण्याच्या बाटलीचं प्रीफॉर्म (फुगवण्याआधीचा जाड नळीसारखा तुकडा) मोल्डमध्ये झटकन थंड केलं तर काचेसारखं पारदर्शक राहतं. पॉलिप्रॉपिलीनला अशी सवड मिळत नाही. नेहमीच्या जाडीच्या झाकणात तो स्फटिकीभूत होणारच. प्रश्न फक्त कधी, किती आणि कोणत्या रूपात एवढाच उरतो.

केंद्रकं बाहेरूनही देता येतात. सोडियम बेंझोएट, टाल्क, सॉर्बिटॉलपासून बनवलेले पारदर्शकता वाढवणारे पदार्थ आणि फॉस्फेटचे काही क्षार हे या कामासाठी मुद्दाम घालतात. पण मोल्डिंगवाल्याला अडचणीत आणतात ती न सांगता आलेली केंद्रकं, आणि त्यात पहिला मान थॅलोसायनिन निळ्या आणि हिरव्या रंगद्रव्यांचा. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिएथिलीन) दोन्हींत हे रंग जोरदार केंद्रक म्हणून वागतात. एचडीपीईच्या क्रेट आणि बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्यांना हा त्रास जगभर ठाऊक आहे: मोल्ड तोच, दाणा तोच, रंग बदलला की माप बदलतं.

निळ्या झाकणात नेमकं काय होतं ते पाहा. माल २२० अंशांच्या आसपास मोल्डमध्ये शिरतो, भिंत ३० ते ४० अंशांवर. प्रवाहाच्या दिशेने साखळ्या ताणल्या जातात आणि प्रवाह थांबला की सैल पडू पाहतात. त्यांना त्यासाठी वेळ हवा असतो. बिनरंगी मालात स्फटिकीकरण उशिरा सुरू होतं, म्हणून तेवढा वेळ मिळतो. निळ्यात ते वरच्या तापमानाला, म्हणजे लवकर सुरू होतं. ताणलेल्या साखळ्या सैल पडण्याआधीच त्यांच्यावर स्फटिक वाढतात आणि ती दिशा कायमची बसते. मग प्रवाहाच्या दिशेचं आकुंचन आणि आडव्या दिशेचं आकुंचन यांतला फरक वाढतो. शिवाय गेटही (माल मोल्डमध्ये शिरतो ते तोंड) लवकर गोठतं, त्यामुळे होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर मालावर धरून ठेवलेला दाब) जेवढा वेळ काम करायला हवं तेवढा वेळ करत नाही.

झाकण कसं वाकलंय यावरूनही बरंच कळतं. मध्यभागी गेट असलेल्या गोल झाकणात माल केंद्राकडून काठाकडे जातो. त्रिज्येच्या दिशेचं आकुंचन परिघाच्या दिशेपेक्षा जास्त झालं, तर परीघ त्रिज्येच्या मानाने लांब उरतो आणि काठ दोन ठिकाणी वर, दोन ठिकाणी खाली असा लहरतो. परिघाचं आकुंचन जास्त झालं, तर मध्य वर फुगतो. ‘काठाला वाकतं’ असं तुम्ही म्हणता त्यावरून पहिला प्रकार वाटतो, पण झाकण सपाट काचेवर ठेवून कुठे उचललं जातं ते खात्रीने बघा. आणि वाकणं निळ्यातच आहे की बिनरंगीतही थोडं आहे, हेही मोजा. बिनरंगीतही त्याच जागी थोडं असेल तर मोल्डच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक आधी तपासा. रंगाने तो दोष फक्त मोठा केला असेल.

उपाय तीन, आणि ते मी ज्या क्रमाने करून पाहीन त्याच क्रमाने सांगतो. पहिला, मास्टरबॅचवाल्याकडून कमी वाकणारं निळं रंगद्रव्य मागा. ‘लो वॉर्प’ म्हटलं की त्यांना कळतं. अल्ट्रामरीनसारखी अकार्बनी निळी रंगद्रव्यं थॅलोसायनिनच्या मानाने फारच कमी केंद्रक बनतात, फक्त छटा आणि रंगाचा जोर वेगळा मिळतो. दुसरा, तिन्ही रंगांना मुद्दाम एकच जोरदार न्यूक्लिएटिंग एजंट (केंद्रकं पुरवणारा पदार्थ) द्या, किंवा न्यूक्लिएटेड ग्रेडच घ्या. मग प्रत्येक रंगात तोच पदार्थ वरचढ ठरतो, सगळे रंग जवळपास एकाच तापमानाला गोठतात आणि माप सारखं येतं. माप बिनरंगीच्या सध्याच्या मापापेक्षा वेगळं असेल हे आधीच धरून चला. नवा मोल्ड बनवण्याच्या बेतात असाल तर हा मार्ग उत्तम, जुन्या मोल्डला तो जमेलच असं नाही. तिसरा, मशीनवर खेळणं: मोल्डच्या दोन्ही बाजू एका तापमानाला आणणं, होल्डिंगची वेळ गेट गोठण्याच्या वेळेशी जुळवणं, भरण्याचा वेग बदलून पाहणं. यातून थोडं सुधारतं. पण रंगद्रव्याने घडवलेला फरक सेटिंगने पूर्ण पुसता येत नाही, आणि त्यामागे शिफ्टच्या शिफ्ट घालवणं मला पटत नाही.

इथे एक शंका स्वाभाविक आहे. निळा दहा अंश वर गोठला, मग त्याचे पापुद्रे जाड, मग द्रवणांक एकाच अंशाने का वाढला? कारण डीएससीत नमुना तापतानाही स्वस्थ बसत नाही. मिनिटाला १० अंशांनी तापवताना पातळ पापुद्रे वितळतात, तो माल लगेच थोड्या जाड रूपात पुन्हा गोठतो आणि मग वर जाऊन वितळतो. या वितळणं-गोठणं-वितळणं प्रकारामुळे शेवटच्या शिखरात मूळ फरक बराचसा धुऊन जातो. थंड होतानाच्या आलेखात मात्र तो उघडा राहतो. दोन माल सारखे आहेत का हे तपासायचं असेल तर मी द्रवणांकाआधी स्फटिकीकरणाचं शिखर बघतो, ते यासाठीच.

आता लाल. आयसोटॅक्टिक (साखळीचे बाजूचे गट एकाच बाजूला असलेल्या, म्हणजे नेहमीच्या) पॉलिप्रॉपिलीनची स्फटिकरूपं एकाहून अधिक आहेत. नेहमी दिसतं ते अल्फा, १६० ते १६५ च्या आसपास वितळणारं. दुसरं बीटा, साधारण १५० च्या आसपास वितळणारं. पॅडन आणि कीथ यांनी १९५९ मध्ये ध्रुवित प्रकाशाखाली पॉलिप्रॉपिलीनचे स्फटिकगोल तपासताना हे वेगळे, जास्त चकाकणारे गोल नोंदवले होते. साध्या मालात बीटा अगदी थोडं, अधूनमधून सापडतं. पण काही पदार्थ ते भरभरून घडवतात, आणि त्यातला सर्वांत जुना प्रसिद्ध पदार्थ म्हणजे क्विनाक्रिडोन जातीचं एक लाल रंगद्रव्य. १९६७ मध्ये लॉयगरिंग यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे तुमच्यासारखी दोन शिखरं लाल मालात दिसणं ही पन्नास वर्षांहून जुनी, नीट समजलेली गोष्ट आहे. सगळे लाल क्विनाक्रिडोन नसतात, म्हणून पहिला फोन मास्टरबॅचवाल्याला करा आणि रंगद्रव्याचा कलर इंडेक्स (रंगद्रव्यांची आंतरराष्ट्रीय यादी) क्रमांक विचारा. पिगमेंट व्हायोलेट १९ असं उत्तर आलं तर अर्धं काम झालं. क्विनाक्रिडोनच्या लाल छटा याच क्रमांकाखाली येतात, नावात व्हायोलेट असलं तरी.

तरीही खात्री करायची तर डीएससीवरच एक सुंदर चाचणी आहे, बुडापेस्टच्या योझेफ वर्गा यांच्या कामावर आधारलेली. बीटा स्फटिक तयार झाल्यावर माल साधारण १०० अंशांखाली गेला, तर पुन्हा तापवताना बीटाचा काही भाग वितळून अल्फात बदलतो. १०० च्या वरूनच परत तापवला तर हा बदल जवळपास होत नाही, आणि बीटा बीटा म्हणूनच वितळतं. म्हणून लॅबला असं सांगा: नमुना २२० अंशांपर्यंत तापवा, पाच मिनिटं ठेवा, मिनिटाला १० अंशांनी १०५ पर्यंतच थंड करा आणि तिथूनच परत तापवा. मग तोच क्रम पुन्हा, पण या वेळी ३० अंशांपर्यंत थंड करून. पहिल्या फेरीत खालचं शिखर मोठं आणि वरचं लहान, दुसऱ्या फेरीत वरचं वाढलेलं, असं आलं तर ते बीटा आहे. दुसऱ्या ग्रेडचा दाणा मिसळला असता तर थंड करण्याच्या शेवटच्या तापमानाने दोन शिखरांचा वाटा असा सरकला नसता. एक्स-रे विवर्तनाची सोय असेल तर आणखी सोपं: तांब्याच्या किरणांनी बीटाची ठळक रेषा १६.१ अंशांच्या विवर्तन कोनाला दिसते (हे अंश तापमानाचे नव्हेत), अल्फाच्या १४.१, १६.९ आणि १८.५ ला. ही सोय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि बऱ्याच विद्यापीठांत आहे.

बीटा असणं वाईट आहे का? गरजेवर अवलंबून आहे. बीटाचा माल आघात जास्त सोसतो, ताणला की पांढरा पडतो, आणि ताठरपणात अल्फापेक्षा थोडा कमी पडतो. गरम पाण्याच्या काही पाइपांसाठी तो मुद्दाम घडवतात. डब्याच्या झाकणाला चटका सोसायचा असेल, मायक्रोवेव्हमध्ये जायचं असेल, तर गरम असताना ते किती लवचीक होतं ते एकदा तपासून घ्या. बाकी वापराला माझी हरकत नसेल. एक सांगायला हवं: १४९ च्या शिखरामुळे लाल झाकण १४९ ला ‘वितळेल’ अशी भीती बाळगू नका. वापरातली मर्यादा त्याच्या कितीतरी आधी, माल मऊ पडण्याने येते, आणि ती द्रवणांकावरून ठरवायची नसते.

आता खरी भेसळ कशी ओळखायची, कारण ती होतेही. होमोपॉलिमरमध्ये १२५ ते १३० दरम्यान छोटं शिखर दिसलं तर एचडीपीई मिसळल्याचा संशय घ्या. रिसायकल मालात हे नेहमी दिसतं. पण दोन गोष्टी आधी बाजूला काढा. इम्पॅक्ट कोपॉलिमर (आघात सोसण्यासाठी एथिलीन जोडलेल्या) ग्रेडमध्ये मुळातच एथिलीनचे लांब तुकडे असतात आणि ते ११५ ते १२० च्या आसपास छोटं शिखर देतात. आणि मास्टरबॅचचा वाहक बऱ्याचदा एलडीपीई किंवा एलएलडीपीई असतो. २ टक्क्यांतलं तेवढं पॉलिएथिलीनही संवेदनशील यंत्रावर १०५ ते १२५ दरम्यान हलकासा उंचवटा देऊ शकतं. म्हणून रंगीत झाकणाबरोबर मास्टरबॅचचा एक दाणाही डीएससीला द्या. दुसरी खूण बिनरंगी मालाच्या स्फटिकीकरणात मिळते. एकाच ग्रेडच्या लॉटमध्ये ते शिखर नेहमी ११२ ला येत असेल आणि एका लॉटमध्ये रंग न घालताच ११८ ला आलं, तर तुटलेल्या साखळ्या, धूळ, दुसऱ्या मालातलं रंगद्रव्य यांपैकी काहीतरी आत आलंय. रिग्राइंड (आपलाच टाकाऊ माल दळून पुन्हा घातलेला) जास्त पडलं तरी असं होतं, तेव्हा आधी आपल्या ग्राइंडरकडे बघा, मग पुरवठादाराकडे.

तिसरा प्रश्न: दोन दिवसांनी झाकण लहान का होतं. पॉलिप्रॉपिलीनचं काच-संक्रमण शून्य अंशाच्या आसपास किंवा थोडं खाली असतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाला अस्फटिकी भाग हालचाल करू शकतो. पापुद्र्यांच्या मधल्या फटींत सावकाश आणखी थोडं स्फटिकीकरण होत राहतं, आणि मोल्डमध्ये गोठून बसलेले ताणही हळूहळू सुटतात. स्फटिकी पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९३६, अस्फटिकीची ०.८५५. स्फटिकांचं प्रमाण ५० वरून ६० टक्क्यांवर गेलं तर आकारमान सुमारे ०.९ टक्के घटतं, म्हणजे लांबीत ०.३ टक्के, १२० मिलिमीटर व्यासाच्या झाकणात ०.३६ मिलिमीटर. साठवणीत एवढा मोठा बदल होत नाही, पण त्याचा लहानसा हिस्साही झाकण घट्ट करायला पुरतो. मोल्ड फार थंड ठेवला असेल तर आत कमी स्फटिक होतात आणि मागाहून होणारं आकुंचन वाढतं. सायकल टाइम वाचवायला चिलर जोरात चालवणाऱ्यांना हे आकुंचन गोदामात भेटतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते आणखी लवकर भेटतं. मापं मशीनजवळ गरम झाकणाची घेऊ नका; निदान २४ तासांनी, जमल्यास ४८ तासांनी, ठरलेल्या तापमानाला घ्या.

या साठवणीचीही नोंद डीएससीत उमटते. काही दिवस खोलीत राहिलेल्या झाकणाच्या पहिल्या तापवणीत ४० ते ६० अंशांदरम्यान एक लहान उंचवटा दिसतो. साठवणीत तयार झालेले अगदी पातळ स्फटिक तिथे वितळतात. झाकण ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं असेल तर उंचवटा त्याच्या दहा-पंधरा अंश वर सरकतो. माल कुठल्या गरमीतून गेला हे कुणी सांगितलं नाही तरी आलेख सांगतो. मला या तंत्रातली ही गोष्ट फार आवडते. दुसऱ्या तापवणीत हा उंचवटा नाहीसा होतो, म्हणून फक्त दुसऱ्या तापवणीचा आलेख पाठवणाऱ्या लॅबकडून पहिलाही मागून घ्या.

डीएससीच्या तीन टप्प्यांचं काम वेगवेगळं आहे. पहिली तापवणी तुमच्या झाकणाचा इतिहास सांगते: मोल्ड, साठवण, ताण. थंड करण्याचा टप्पा माल स्वतः कसा गोठतो ते सांगतो, केंद्रकांसकट. दुसरी तापवणी सगळ्या नमुन्यांना सारखाच इतिहास देऊन दाण्याची तुलना करू देते. डेटाशीटवरचा १६३ बहुधा या दुसऱ्या तापवणीचा असतो. त्याची तुलना झाकणाच्या पहिल्या तापवणीशी करणं चूक. आणि मधल्या टप्प्यात २०० अंशांच्या वर पुरेसा वेळ ठेवायला हवं. माल १७० ला नेऊन लगेच थंड केला तर न वितळलेले बारीक अवशेष केंद्रकं म्हणून काम करतात आणि स्फटिकीकरणाचं शिखर खोटंच वर सरकतं.

नमुना ५ ते १० मिलिग्रॅम, सपाट, डीएससीच्या तव्याच्या (नमुना ठेवायच्या छोट्या धातूच्या वाटीच्या) तळाला चिकटलेला असावा. झाकणाच्या पृष्ठाचा आणि मधल्या थराचा नमुना वेगळा काढा. पृष्ठ झटकन गोठलेलं असतं, आतला भाग सावकाश, आणि दोन्ही मिसळून आलेला आलेख वाचायला अवघड जातो. बीटा बऱ्याचदा आतल्या थरात जास्त सापडतं. स्फटिकांची टक्केवारी काढताना वितळण्याची उष्णता २०७ ज्यूल प्रति ग्रॅमने भागतात, काही लॅब २०९ वापरतात. कुठला आकडा घेतला ते अहवालात लिहून घ्या. हा आकडा अल्फाचा आहे, तेव्हा लाल मालावर ही टक्केवारी अंदाजापुरतीच धरा. मालात टाल्क असेल तर तेवढं वजन वगळायचं. समजा २० टक्के टाल्कच्या मालाला ८२ ज्यूल प्रति ग्रॅम आले. सरळ भागलं तर ४० टक्के, टाल्क वगळून भागलं तर ५० टक्के. हा फरक वगळून दोन मालांची तुलना केलेले अहवाल मी पाहिलेत, आणि त्यावरून लॉट परत गेलेले पाहिलेत.

पुढच्या वेळी लॅबला झाकणांबरोबर बिनरंगी दाणा, दोन्ही मास्टरबॅचचे दाणे आणि एखाद्या चांगल्या जुन्या लॉटचं राखून ठेवलेलं झाकण द्या. तिन्ही टप्प्यांचे आलेख एकाच मोजपट्टीवर छापून मागा, नुसत्या आकड्यांचा तक्ता घेऊ नका. लालसाठी १०५ आणि ३० अंशांची वर सांगितलेली दुहेरी फेरी लिहून द्या. आणि मास्टरबॅचच्या खरेदी करारात एक ओळ घाला: ठरलेल्या बिनरंगी दाण्यात २ टक्के घातल्यावर, मिनिटाला १० अंशांनी थंड करताना, स्फटिकीकरणाचं शिखर मान्य नमुन्याच्या दोन अंश इकडेतिकडे राहिलं पाहिजे. रंगद्रव्य न सांगता बदललं गेलं तर ते या ओळीत पकडलं जाईल, मोल्डवर चढण्याआधी.